दारोदारच्या फेरीचे गणित

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेसाठी तयार केलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



टपालाचा बटवडा करणारा डाकसेवक थैली उघडल्याबरोबर रस्त्याला लागत नाही. प्रथम तो पत्रे, पाकिटे व लहानमोठी पार्सले टेबलावर पसरतो आणि ज्या क्रमाने घरे लागावयाची त्या क्रमाने ती एकावर एक लावून घेतो. पाहणाऱ्यास हे काम क्षुल्लक वाटते. वस्तुतः पुढील चार तासांची पायपीट या दहा मिनिटांच्या लावणीवर अवलंबून असते. लावणी चुकली की वरच्या आळीतून खालच्या आळीत आणि पुन्हा वरच्या आळीत अशी येरझार पदरी पडते. उन्हाळा असेल तर ती अंगावर येते, आणि पावसाळा असेल तर पत्रेही भिजतात.

शहरांतून आज ही लावणी संगणक करतो. कोणते घर आधी, कोणते नंतर, कोणत्या गाडीने कोणती आळी घ्यावयाची, हे ठरविणाऱ्या आज्ञावलीस मार्गनियोजनाचे सॉफ्टवेअर असे म्हणतात. आपल्या शाळांतून शिकून गेलेली कितीतरी मुले आज पुण्यास, नाशकास किंवा मुंबईस पाठीवर चौकोनी पिशवी घेऊन घरोघर सामान पोचवीत आहेत, आणि पुढचे घर कोणते हे त्यांस हातातील फोन सांगत आहे. तो फोन हे कशाच्या आधारे सांगतो, त्याचे बरोबर कोठे येते व चुकते कोठे, हे शिक्षकास ठाऊक असणे इष्ट आहे. कारण या सर्व व्यवहाराच्या मुळाशी असलेले गणित बव्हंशी प्राथमिक शाळेतच शिकविले जाते.

प्रश्न वरवर पाहता सोपा आहे. एका ठिकाणाहून निघावयाचे, ठरलेल्या घरी जावयाचे आणि मूळ ठिकाणी परत यावयाचे. एकूण चाल कमीत कमी व्हावी. घरे तीन असतील तर त्यांचे क्रम सहा होतात. घरे पाच झाली की क्रम १२० होतात. दहा घरांचे क्रम ३६,२८,८०० भरतात. एखादा चिकाटीचा मनुष्य दर सेकंदास एक क्रम तपासू लागला आणि त्याने झोप, जेवण सर्व सोडले, तरी दहा घरांचे सर्व क्रम तपासण्यास त्याला बरोबर ४२ दिवस लागतील. (हा हिशेब मुलांकडून करून घेण्याजोगा आहे, भागाकार निःशेष जातो, त्यामुळे मुलांस मौज वाटते.) पंधरा घरांसाठी त्याच मनुष्यास एकेचाळीस हजारांहून अधिक वर्षे लागतील. उलट दिशेने चाललेली फेरी तेवढ्याच लांबीची असल्यामुळे निम्मे काम वाचते हे खरे. पण एकेचाळीस हजारांच्या निम्मे केले तरी हाती काय लागणार? आणि येथे यंत्रासही फार बढाई मारता येत नाही. सेकंदास एक कोटी क्रम तपासणारे यंत्र घेतले, तरी वीस घरांचे सर्व क्रम तपासण्यास त्यास सुमारे ७,७०० वर्षे लागतील. बटवडा तर आज संध्याकाळपर्यंत व्हावयाचा असतो.

यावरून एक गोष्ट स्पष्ट व्हावी. संगणक सर्व मार्ग तपासून उत्तम तो निवडतो, असा जो सर्वसाधारण समज आहे तो खरा नाही. तो सर्व मार्ग तपासूच शकत नाही. माणसाप्रमाणे तोही युक्तीनेच काम करतो; त्याच्या युक्त्या थोड्या अधिक शिस्तीच्या असतात व तो त्या न कंटाळता वापरतो, एवढेच.

सर्वांस प्रथम सुचणारी युक्ती म्हणजे ‘जवळचे घर आधी’. ती कशी फसविते ते एका उदाहरणाने पाहावे. एका सरळ रस्त्यावर दुकान आहे असे समजू. दुकानाच्या पूर्वेस १०० मीटरांवर एक व ४०० मीटरांवर एक अशी दोन घरे, आणि पश्चिमेस १५० मीटरांवर एक व ७५० मीटरांवर एक अशी दोन घरे आहेत. जवळचे घर आधी या नियमाने निघालेला मुलगा प्रथम पूर्वेचे १०० मीटरांवरचे घर गाठील. तेथून पूर्वेचे दुसरे घर ३०० मीटर, तर पश्चिमेचे पहिले २५० मीटर. म्हणून तो मागे फिरेल. पश्चिमेच्या त्या घराहून पुढील पश्चिमेचे घर ६०० मीटर आणि पूर्वेचे राहिलेले ५५० मीटर. म्हणून तो पुन्हा पूर्वेस धावेल. अशा रीतीने प्रत्येक पावलास शहाणपणा करीत तो एकूण २,८०० मीटर चालेल. याउलट जो आधी पूर्वेची दोन्ही घरे उरकून मग पश्चिमेस जाईल, त्याची फेरी २,३०० मीटरांत पुरी होईल. प्रत्येक वेळी जवळचे तेवढे उचलीत गेल्याने शेवटी लांबचे अंगावर पडते.

दुसरी युक्ती अधिक सुंदर आहे, आणि ती दाखविण्यास एक फळी, काही खिळे व सुतळीचा तुकडा एवढेच साहित्य पुरते. खिळे म्हणजे घरे आणि सुतळी म्हणजे फेरी. सुतळी जर कोठेही स्वतःस ओलांडीत असेल, तर ती फेरी सर्वांत आखूड असूच शकत नाही. कारण साधे आहे. क पासून ख पर्यंत जाणारी सुतळी ग पासून घ पर्यंत जाणाऱ्या सुतळीस मध्ये छेदते असे धरा. तो छेद सोडवून क ग ला जोडला आणि ख घ ला जोडला, तर फेरी अखंडच राहते. मधल्या भागाची दिशा काय ती उलटी होते. आणि त्रिकोणाच्या कोणत्याही दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा जास्त असते, या नियमामुळे नवी जोडणी जुनीपेक्षा आखूड भरते. सहावी-सातवीतील मुलांस हा नियम पाठ असतो. तो कशास उपयोगी पडतो, असे कोणी विचारल्यास बहुधा उत्तर मिळत नाही. येथे ते मिळते. आज्ञावली अगदी हेच करते: आधी बरीवाईट कशीही एक फेरी मांडते आणि मग तिच्यातील गाठी एकामागून एक सोडवीत जाते. प्रत्यक्ष रस्ते सुतळीसारखे सरळ नसतात, मधे ओढे, कुंपणे व एकेरी वाहतुकीचे रस्ते येतात. त्यामुळे हा नियम तेथे जसाच्या तसा लागत नाही, पण गाठी सोडविण्याची रीत लागू पडते.

या विद्येचा इतिहास फार जुना नाही. १७३६ साली ऑयलर या गणितज्ञाने क्यॉनिग्सबर्ग शहरातील सात पुलांचा प्रश्न सोडविला. प्रत्येक पूल एकदाच ओलांडून सर्व शहर फिरता येईल काय, हा तो प्रश्न. आणि येणार नाही, हे त्याचे उत्तर. ज्या चौकात विषम संख्येने रस्ते मिळतात असे चौक दोहोंहून अधिक असतील तर पुनरुक्ती टळत नाही, हे त्याने दाखविले. पुढे १९६० मध्ये ग्वान मेइगू या चिनी गणितज्ञाने हाच धागा डाकियाच्या फेरीस जोडला: ज्याला गावातील प्रत्येक गल्ली चालणे भाग आहे, त्याने कोणत्या गल्ल्या दोनदा चालाव्या म्हणजे एकूण चाल कमी होईल? निवडक घरी जाणाऱ्याचा प्रश्न यापासून वेगळा. त्याचा विचार व्हिएन्ना येथील कार्ल मेंगर यांनी १९३० च्या सुमारास ‘निरोप्याचा प्रश्न’ या नावाने मांडला. १९५४ साली डँट्झिग, फुल्करसन व जॉन्सन या तिघांनी अमेरिकेतील ४९ शहरांची सर्वांत आखूड फेरी शोधून, तीहून आखूड फेरी असू शकत नाही हेही सिद्ध केले. डच शास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी दोन ठिकाणांमधील सर्वांत जवळची वाट काढण्याची रीत १९५९ मध्ये प्रसिद्ध केली. कॉफी पिताना कागद-पेन्सिलीवाचून वीस मिनिटांत ती सुचली, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. १९५९ मध्येच डँट्झिग व रॅम्सर यांनी पेट्रोलच्या कोठारातून अनेक पंपांवर टँकर पाठविण्याचा प्रश्न गणितात आणला. तेथून पुढे फेरी एकाची न राहता अनेक गाड्यांची झाली, आणि गाडीत माल किती मावतो हाही विचार आला.

गाड्यांच्या बाबतीत क्लार्क व राइट यांनी १९६४ साली दिलेली रीत इतकी सरळ आहे की चौथीच्या मुलास ती करता यावी. डेअरीपासून एक वाडी ६ किलोमीटर आणि दुसरी ८ किलोमीटर आहे. दोन वाड्यांमधील अंतर ३ किलोमीटर आहे. दोन्हीकडचे दूध आणण्यास टेंपो स्वतंत्रपणे दोनदा गेला तर १२ व १६ मिळून २८ किलोमीटर होतात. एकाच फेरीत दोन्हीकडे गेला तर ६, ३ व ८ मिळून १७. बचत ११ किलोमीटरांची. दोन वाड्यांच्या अंतरांची बेरीज करून त्यातून त्यांच्यामधील अंतर वजा केले की हीच बचत थेट मिळते: ६ अधिक ८ उणे ३. अशी बचत वाड्यांच्या प्रत्येक जोडीसाठी काढावी, मोठ्या बचतीची जोडी आधी जोडावी, आणि टेंपोतील कॅनची जागा भरली की थांबावे. आजच्या पुष्कळ आज्ञावल्यांच्या पोटात ही साठ वर्षांपूर्वीची रीत आजही आहे.

आता एक हकीकत थोड्या विस्ताराने सांगितली पाहिजे, कारण ती संगणकाशिवाय घडली.

अमेरिकेतील अटलांटा शहरात वृद्ध व आजारी माणसांस दुपारचे गरम जेवण घरपोच देण्याची व्यवस्था होती. ज्यांस चूल पेटविणे शक्य नाही व ज्यांच्याकडे येणारेजाणारे कोणी नाही, अशी ही माणसे. जेवण पोचविणारे चार जण होते आणि घरे सुमारे दोनशे. कामाची वेळ दुपारची, मोजक्या तासांची. उशीर झाला की अन्न निवणार आणि वाट पाहणारा उपाशी राहणार. अडचण निराळीच होती. यादी रोज बदलत असे. कोणी बरे होऊन स्वतःचे स्वतः रांधू लागे, कोणी रुग्णालयात जाई, कोणी मरण पावे, आणि रिकाम्या जागी नवे नाव येई. चौघांच्या फेऱ्या बसविण्याचे काम कचेरीतील एकाच व्यक्तीकडे होते. संगणक घेण्यास पैसा नव्हता, आणि असता तरी तो चालविण्यास मनुष्य नव्हता.

तेथील जॉर्जिया तंत्रविद्यासंस्थेतील बार्थोल्डी व प्लॅट्झमन यांनी सुचविलेला उपाय १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी शहराच्या नकाशावर एक वळणावळणाची रेषा कल्पिली. रांगोळीतील न तुटणारी रेघ जशी सर्व ठिपक्यांजवळून फिरत फिरत मूळ जागी येते, तशी ही रेषा शहराच्या प्रत्येक कोपऱ्यातून जाऊन परत येई. पोलंडमधील शेर्पिन्स्की या गणितज्ञाने अशी रेषा १९१२ मध्ये वर्णिली होती. तिने कधी कोणाचे जेवण पोचवावे, हे त्याच्या स्वप्नातही नसेल. नकाशावरील प्रत्येक जागेस त्या रेषेवर ती कितव्या ठिकाणी येते त्याचा क्रमांक मिळाला, आणि क्रमांकांचे कोष्टक छापून दिले गेले. नवे नाव आले की नकाशात घर शोधावयाचे, कोष्टकातून क्रमांक घ्यावयाचा, तो पत्त्याच्या कार्डावर लिहावयाचा आणि कार्ड क्रमवार पेटीत खोचावयाचे. नाव कमी झाले की कार्ड काढून घ्यावयाचे. उरलेल्यांचा क्रम तसाच शाबूत. सकाळी पेटीतील कार्डांचे चार समान भाग केले की चौघांच्या चार फेऱ्या तयार. सर्व साहित्यास पन्नास डॉलरांपेक्षाही कमी खर्च आला.

ही फेरी सर्वांत आखूड नव्हती. अशा रीतीने काढलेली फेरी उत्तम फेरीपेक्षा सरासरीने सुमारे एकचतुर्थांशाने लांब असते, हे तिच्या कर्त्यांनीच सांगितले आहे. पण रोज नव्याने काढण्याजोगी आणि एका कर्मचाऱ्याच्या हातून विनातक्रार होणारी अशी ती होती. कागदावर उत्तम असलेली, परंतु रोज दोन तास खाणारी फेरी त्या म्हाताऱ्यांच्या काय कामाची? शिवाय कार्डांचे चार समान भाग केल्याने एकाच्या वाट्यास साठ घरे व दुसऱ्याच्या वाट्यास तीस, असेही होत नसे. एकूण अंतर कमी करावयाचे म्हटले की हा वाटणीचा प्रश्न हटकून मागे पडतो. सगळ्यांची मिळून चाल कमी झाली, पण एकट्या गड्यास डोंगराकडचा सर्व भाग मिळाला, तर गणित सुटले तरी काम सुटले असे म्हणता येणार नाही.

मुंबईच्या डबेवाल्यांचे उदाहरण येथे पुष्कळांस आठवेल. १८९० साली महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेला हा व्यवसाय मुख्यतः पुणे जिल्ह्यातील खेड, जुन्नर, आंबेगाव, मावळ, मुळशी या भागांतील माणसांनी वाढविला. २०२० च्या टाळेबंदीपूर्वी सुमारे पाच हजार माणसे जवळजवळ दोन लक्ष डबे रोज पोचवीत. त्यानंतर ही संख्या घटली. त्यांनी मार्ग काढण्यास यंत्र वापरले नाही. याचे कारण निव्वळ साधेपणा नव्हे, तर त्यांच्या कामाचे स्वरूपच निराळे आहे. त्यांचे गिऱ्हाईक बहुधा महिनोन्‌महिने तेच असते; म्हणून फेरी एकदा पायात बसली की रोज नव्याने काढावी लागत नाही. जे अवघड आहे ते डबा एका हातातून दुसऱ्या हातात देताना ओळख न चुकण्याचे. ते काम त्यांनी झाकणावरील खुणांनी साधले: उतरावयाचे स्थानक, इमारत, मजला, आणि परतीचे ठिकाण. अटलांटात यादी रोज बदलत होती, म्हणून तेथे रेषा लागली. मुंबईत यादी स्थिर होती, म्हणून तेथे खुणा पुरल्या.

यादीही मोठी आणि तीही रोज बदलणारी, अशी जेव्हा स्थिती येते तेव्हा मात्र संगणकास पर्याय राहत नाही. अमेरिकेतील युनायटेड पार्सल सर्व्हिस या कंपनीचा एकेक चालक दिवसास सरासरीने १२० च्या आसपास ठिकाणी थांबतो. १२० ठिकाणांच्या क्रमांची संख्या लिहू गेल्यास ती १९९ अंकी होते. या कंपनीने आपल्या सुमारे ५५,००० फेऱ्यांसाठी एक आज्ञावली तयार केली. तिचा मोठ्या प्रमाणावर उपयोग २०१३ पासून सुरू झाला. वर्षास दहा कोटी मैलांचा प्रवास वाचला, असा कंपनीचा दावा आहे. तेथे वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. म्हणून समोरची रहदारी अडवून डावीकडे वळणे शक्यतो टाळावे, असाही नियम त्यांनी पाळला. आपल्याकडे तोच नियम उजव्या वळणास लागेल. परंतु हे काम तयार होण्यास सुमारे दहा वर्षे लागली, आणि त्यातील पुष्कळशी वर्षे गणितापेक्षा नकाशा दुरुस्त करण्यात गेली. विकत मिळणाऱ्या नकाशांत घराचे फाटक कोणत्या अंगास आहे व गाडी कोठे उभी करता येते, हे नसते. फाटक मागच्या गल्लीत असले की रस्त्यावरून काढलेला सर्व हिशेब वाया जातो.

याहून उद्बोधक गोष्ट २०२१ साली घडली. अमेझॉन या कंपनीने व मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्यासंस्थेने मिळून एक स्पर्धा लावली. पाच अमेरिकी महानगरांतील नऊ हजारांहून अधिक प्रत्यक्ष फेऱ्यांची माहिती स्पर्धकांपुढे ठेवण्यात आली. प्रश्न असा नव्हता की सर्वांत आखूड फेरी काढा. प्रश्न होता: अनुभवी चालक प्रत्यक्षात ज्या क्रमाने गेला, तो क्रम ओळखून दाखवा. कारण चालक यंत्राने दिलेला क्रम वारंवार मोडीत असत, आणि ते आळसाने मोडीत नाहीत हे कंपनीच्या ध्यानी आले होते. कोणत्या वेळी कोणता रस्ता तुंबतो, कोठे गाडी लावण्यास जागा मिळते, कोणते दुकान दुपारी बंद असते, हे त्यांस ठाऊक असते. ज्यांनी ही स्पर्धा जिंकली त्या गटास आढळले की चालक एक विभाग पुरा केल्यावाचून सहसा दुसऱ्यात शिरत नाहीत. मग त्यासाठी थोडे अंतर अधिक पडले तरी चालेल. आपला डाकसेवक एक आळी उरकून मगच दुसरीस हात घालतो. पन्नास वर्षांहून अधिक काळ ज्या गणिताने माणसास वाट दाखवावयाची म्हटले, ते अखेर माणूस कसा चालतो हे पाहावयास परत आले.

आता आपल्या गावांकडे वळू. आज्ञावलीस प्रथम हवा असतो तो पत्ता. आणि आपल्याकडे पत्ता म्हणजे ‘मारुतीच्या देवळामागे, पिठाच्या गिरणीजवळ’. हे गावातल्या माणसास पुरते, यंत्रास पुरत नाही. टपाल खात्यातील अधिकारी व संस्कृतचे विद्वान श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या योजनेतून १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा अंकी पिनकोड सुरू झाला. पत्र योग्य टपालकचेरीपर्यंत नेण्याचे काम तो चोख करतो. पण एका पिनकोडात अनेक गावे व वाड्या असतात. कचेरीपासून दारापर्यंतची वाट तो सांगत नाही, आणि ते त्याचे कामही नव्हते. २०२५ मध्ये टपाल खात्याने ‘डिजिपिन’ नावाची दहा चिन्हांची नवी खूण आणली. देशावर एक मोठा चौकोन कल्पून त्याचे सोळा भाग करावयाचे, त्यातील एका भागाचे पुन्हा सोळा, असे दहा वेळा केले की सुमारे चार मीटर लांबीरुंदीचा तुकडा हाती येतो. मुलांकडून पाटीवर चौकोनाचे सोळा भाग दोन-तीन वेळा करवून घेतल्यास ही कल्पना त्यांस चटकन समजेल.

पत्त्यामागून येतो रस्ता. नकाशावर जी रेघ दिसते तीवरून गाडी जाते असे यंत्र धरून चालते. आषाढात ओढ्यावरची फरशी पाण्याखाली गेली, की ती रेघ खोटी ठरते. साकवावरून मनुष्य जातो पण टेंपो जात नाही, हेही रेघेवरून कळत नाही. लसीची पेटी घेऊन निघालेली आरोग्यसेविका, रुग्णवाहिका किंवा पोषण आहाराचा तांदूळ आणणारे वाहन अशा रेघेवर विसंबले तर फेरा पडतो, आणि लसीच्या बाबतीत फेरा म्हणजे बर्फ वितळणे. याबाबत तक्रार करण्यापूर्वी एक गोष्ट लक्षात घ्यावी. २००४ साली इंग्लंडात सुरू झालेला ‘ओपनस्ट्रीटमॅप’ हा जगाचा नकाशा कोणासही मोफत पाहता येतो, आणि नोंदणी करून कोणासही त्यात भर घालता येते. अनेक मार्गनियोजनाच्या आज्ञावल्या याच नकाशावर चालतात. ज्या गावाचा शिक्षक त्यात आपल्या वाडीची वाट, शाळा, पाणवठा व पावसाळ्यात बंद होणारी फरशी दाखवील, त्या गावाची रेघ खरी होईल. दूर कोठे बसलेल्या कारकुनास ही माहिती कशी असणार?

आज्ञावली काय कमी करावयास सांगितले आहे तेच कमी करते, हेही शिक्षकांनी वरच्या वर्गांतील मुलांस सांगावे. अंतर कमी करा म्हटले तर ती अंतर कमी करील, वेळ म्हटले तर वेळ. गड्याने दुपारी सावलीत दहा मिनिटे टेकावे, तिसऱ्या मजल्यावर पाण्याचा जार चढविण्यास जास्त वेळ धरावा, हे कोणी तिला सांगितले नसेल तर तिच्या हिशेबात ते नाही. मग उशिराचा ठपका पोचविणाऱ्यावर येतो. ज्या मुलाने शाळेत सुतळीची फेरी मांडली असेल, त्यास निदान एवढे उमगेल की फोनवरील क्रम हा कोणीतरी घातलेल्या अटींचा परिणाम आहे, आणि अटी बदलता येतात.

वर्गात हा विषय घ्यावयाचा झाल्यास वेगळा तास लागत नाही. परिसर अभ्यास व गणित यांच्या तासांतच तो बसतो. प्रथम मुलांनी गावाचा किंवा आपल्या आळीचा नकाशा जमिनीवर खडूने काढावा आणि दोन ठिकाणांमधील अंतर पावलांनी मोजावे. लहान मुलांस पाच घरांपेक्षा अधिक देऊ नयेत. एकाने वाण्याचा गडी व्हावे, बाकीच्यांनी त्यास निरनिराळे क्रम सुचवावे, आणि प्रत्येक क्रमाची पावले फळ्यावर मांडावी. ज्यांचा क्रम आखूड निघेल त्यांनी तो का आखूड निघाला हे सांगावे; उत्तर चुकले तरी चालेल, पण कारण द्यावे. पाचवीपासून पुढे वाड्यांची अंतरे किलोमीटरांत देऊन बचतीची वजाबाकी करवून घ्यावी. अंतरे पूर्णांकांत ठेवावी. दशांश आल्यास मुलांचे लक्ष फेरीवरून उडून हातच्यावर जाते. गावातील डाकसेवकास, किंवा दूध संकलन केंद्रावरील टेंपोचालकास, एखाद्या दिवशी शाळेत बोलावून तो आपला क्रम कसा लावतो हे मुलांसमोर विचारावे. त्याने सांगितलेली फेरी मुलांनी काढलेल्या फेरीपेक्षा लांब निघाली, तर ती चूक आहे असे न म्हणता, असे का हे त्यालाच विचारावे. बहुतेक वेळा नकाशात न काढलेले एखादे कुत्रे, कुंपण किंवा चिखलाचा उतार निघेल. मुलांनी तो त्याच दिवशी नकाशावर लाल खडूने दाखवावा, आणि पावसाळा संपल्यावर चिखलाचा तेवढा पुसावा.